प्रस्थानापूर्वीचे दीड वर्ष

विलायतेस शिकावयास जाणे ही एके काळी महाराष्ट्रात इतकी विरळा गोष्ट होती, की जाणाऱ्याचे नाव पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकात यावे. आज तीच गोष्ट सांगली, लातूर, अमरावती अशा कोणत्याही शहरातील नोकरदार कुटुंबात घडताना दिसते. मार्ग रुळला हे उत्तमच झाले. परंतु मार्ग रुळला म्हणजे तयारीही आपोआप होते, अशी जी समजूत त्याबरोबर पसरली आहे ती घातक आहे. प्रवेशाचे पत्र हाती पडावे, पेढे वाटले जावेत, आणि मग कर्ज, व्हिसा, तिकीट आणि सामान यांची दोन महिन्यांत एकच धांदल उडावी, हा क्रम आपल्याकडे सर्रास झाला आहे. वस्तुतः दोन वर्षांच्या परदेशवासासाठी त्यापूर्वीचे दीड वर्ष हाताशी असावे, आणि त्या दीड वर्षातील बहुतेक कामे ज्याला जायचे आहे त्यानेच करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल जर्मनीचाच विचार करू. कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्यामुळे आपल्याकडील मध्यम स्थितीच्या घरांचा ओढा अलीकडे तिकडे अधिक आहे. शुल्क नाही या वाक्यालाही अपवाद आहेत, हे आधीच सांगितलेले बरे: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्रास १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला आहे. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याच्या अर्जांची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येकदा त्याच्याही बरीच आधी संपते. अर्जाला पदवीच्या गुणपत्रिका हव्यात, भाषेच्या परीक्षेचा निकाल हवा. व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्याला २०२२ च्या नोव्हेंबरपासून दिल्लीच्या जर्मन वकिलातीशी संलग्न असलेल्या ‘एपीएस’ या कचेरीचे, आपली शैक्षणिक कागदपत्रे अस्सल असल्याचे प्रमाणपत्रही लागते. यातील प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर अवलंबून असतो, आणि प्रत्येक कचेरी आपल्याच गतीने चालते. ऑक्टोबरपासून उलटे मोजत आले, की आरंभ आदल्या वर्षीच्या एप्रिलात करावा लागतो, हे कोणालाही कागदावर मांडून पाहता येईल.

कागदपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची एक अडचण खास आपली आहे. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते. पासपोर्टावर आडनाव एका रकान्यात, तर स्वतःचे नाव आणि बहुधा त्याला जोडून वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात येते. काही विद्यापीठांच्या पदवीपत्रांवर आईचेही नाव असते. आणि मधल्या काळात विवाह झालेला असला, तर आडनावही निराळे. आपल्याला ही चारही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सांगावे लागत नाही. परंतु हा शिरस्ता ज्याच्या कानावरही गेलेला नाही, अशा परदेशातील लिपिकासमोर ती चार निरनिराळ्या माणसांची नावे म्हणून उभी राहतात, आणि ऐन मुदतीच्या तोंडावर अर्ज अडतो. एखाद्या अक्षराचा फरक प्रतिज्ञापत्राने निभावतो. मोठा फरक असेल तर राजपत्रात नावाची नोंद करून मग पासपोर्ट सुधारून घ्यावा लागतो. हे काम दोन महिन्यांत होईल या भरवशावर राहू नये.

गुणांचे गणितही असेच समजून घेण्याजोगे आहे. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ ही उत्तीर्णतेची मर्यादा, म्हणजे आपल्या हिशेबाच्या नेमके उलट. आपले गुण तिकडच्या मोजमापात आणण्यासाठी बव्हेरियन सूत्र म्हणून ओळखले जाणारे एक सूत्र वापरतात. समजा, १० पैकी ८ गुण आहेत आणि उत्तीर्ण होण्यास किमान ४ लागतात. दहातून आठ वजा जाता २ उरतात. त्यांस दहा आणि चार यांतील अंतराने, म्हणजे ६ ने भागून ३ ने गुणावे आणि त्यात १ मिळवावा. उत्तर येते २.०. कित्येक अभ्यासक्रम २.५ च्या आत गुण मागतात. हा पाच मिनिटांचा हिशेब आधी केला, तर कोणत्या विद्यापीठाचे दार आपल्याला उघडे आहे आणि कोणत्या अर्जाचे पैसे वाया जाणार आहेत, हे घरबसल्या कळते. सल्लागारांच्या कचेऱ्या हाच हिशेब मोल घेऊन करून देतात. मोल देण्यास माझा आक्षेप नाही, परंतु स्वतःच्या गुणांचा अर्थ दुसऱ्याकडून ऐकावा लागणारा विद्यार्थी परक्या देशात स्वतःचे निर्णय कसे घेणार, ही चिंता मला वाटते.

आता पैशाविषयी. दरमहा ९९२ युरो या हिशेबाने वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, निर्बंधित खात्यात आगाऊ ठेवल्याचा पुरावा जर्मन सरकार मागते. खात्यातून महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते. ही रक्कम बहुतेक घरांत कर्जातून येते, आणि कर्जाविषयी आपल्या घरांतून जे मौन पाळले जाते, ते मला फार खटकते. शैक्षणिक कर्जाची फेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, एवढेच मुलांना माहीत असते. त्या सवलतीच्या काळातही व्याजाची आकारणी चालूच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी काढले आणि सवलतीचा काळ तीन वर्षांचा धरला, तर सरळ व्याजानेही पहिला हप्ता भरण्याआधी देणे सव्वीस लाखांवर गेलेले असते. तारण म्हणून राहते घर लिहून दिले असेल, तर कर्जखत मुलासमोर वाचले गेले पाहिजे, आणि जामीनदार कोण, हप्ता किती, नोकरी लांबली तर काय तजवीज, हे त्याला तोंडपाठ असले पाहिजे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करारनामा त्यांना लिहून द्यावा लागला होता. कोणत्या अटीवर आपण शिकत आहोत, हे त्या बावीस वर्षांच्या तरुणाला पहिल्या दिवसापासून स्वच्छ माहीत होते. आज अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि टाटांनी १८९२ साली स्थापन केलेल्या निधीतून कर्जरूपाने साहाय्य देण्याची प्रथा अद्याप चालू आहे. यांचे अर्जही वेळेवरच करावे लागतात.

प्रकृतीचा विषय आपण लसीकरणाच्या एका दाखल्यावर संपवतो. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्यांच्या प्रस्थानामागे तीन वर्षांचा पत्रव्यवहार, इंग्रजीचा अभ्यास आणि न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी जडलेला स्नेह उभा होता. बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करून आपण का जात आहोत हे त्यांनी चारचौघांना सांगितलेही होते. मनाची इतकी तयारी फार थोड्यांनी केली असेल. परंतु देह मुळातच दुखणाइत होता, आणि त्यावर फिलाडेल्फियाचा हिवाळा, शाकाहाराचा निर्धार आणि पायांना थंडी झोंबू देणारे नऊवारी लुगडे, असा भार पडला. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात क्षयाने निवर्तल्या. त्या काळी साधने नव्हती. आज ती असताना दात, डोळे, रक्त यांची तपासणी न करता, आणि नेहमीच्या औषधांची रासायनिक नावे डॉक्टरांकडून लिहून न घेता मूल विमानात बसावे, हे अक्षम्य आहे. बर्लिनला डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. त्या अंधाराचा मनावर परिणाम होतो, ही गोष्टही जाणाऱ्याला आधी सांगितलेली असावी, म्हणजे उदासीनता आली तर ती आपलीच दुर्बळता आहे असे त्याला वाटणार नाही.

सामानाच्या बाबतीत घरातील मायेला कायद्याची ओळख करून द्यावी लागते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे आजीने कढवलेले तूप आणि पेढे दोन्ही वर्ज्य. ताजी फळे आणि भाजीपाला यांना रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, त्यातून सूट अननस, केळे, नारळ, खजूर आणि डुरियन एवढ्यांनाच आहे. तेव्हा नारळ चालतो, हापूस चालत नाही, आणि ताजा कढीपत्ताही नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी यांना अडकाठी नाही. मात्र मसाला डब्यात देण्यापेक्षा आमटी करण्याचे शिक्षण देणे अधिक उपयोगाचे, आणि हे मुलग्यांच्या आयांना विशेष आग्रहाने सांगितले पाहिजे. रविवारी तिकडे दुकाने बंद असतात; शनिवारी सायंकाळपर्यंत किराणा भरण्याची सवय इथूनच लागली तर बरे.

बिऱ्हाडाचा शोध पुष्कळदा निघाल्यावर घेतला जातो, तो आधी घ्यावा. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या लांब असतात. मालक परदेशी आहे, अनामत पाठवा म्हणजे किल्ली टपालाने येईल, असे सांगणारा बहुधा ठकच असतो. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत पत्त्याची नोंद करणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. इकडे निघण्यापूर्वी आई किंवा वडील यांच्या नावे मर्यादित अधिकारांचे मुखत्यारपत्र करून ठेवावे, आणि आपल्या बँकेत वर्दी देऊन बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे. परदेशी शिकणारा विद्यार्थीही परकीय चलनाच्या कायद्यानुसार अनिवासी ठरतो, हे बँकेत अनेक वर्षे खाते असलेल्या कुटुंबांनाही ठाऊक नसते.

राहता राहिली भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, डॉक्टर आणि कचेरी जर्मनमध्येच बोलतात. पुणे आणि मुंबई येथील मॅक्समुल्लर भवनात किंवा अन्यत्र वर्षभर नेमाने शिकले, तर व्यवहारापुरती भाषा येते, आणि अभ्यास संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी जे अठरा महिने तेथे राहता येते त्या काळात तिचे मोल पदवीइतकेच ठरते.

ज्यांची मुले यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकीत आहेत, त्या पालकांना माझी विनंती अशी, की कागदपत्रांची फाईल त्यांनी आजच मुलांच्या स्वाधीन करावी, कर्जाचा हिशेब त्यांच्यासमवेत बसून मांडावा, आणि विद्यापीठाला पाठवायचा पहिला अर्ज, थोडा चुकला तरी हरकत नाही, त्यांनाच लिहू द्यावा.