शिशाच्या पट्ट्यांमधली वाट

20 सेंटिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर मी शिशाची छोटी चकती ठेवतो आणि एक्स-रे काढतो. हा ठोकळा म्हणजे आमच्यासाठी माणसाचे पोट. शिशातून किरण जात नाहीत, म्हणून चित्रात चकती पांढरीशुभ्र उमटायला हवी. उमटते ती राखाडी. ठोकळ्यात वाट बदललेले किरण बाजूने तिच्या सावलीत शिरलेले असतात. शरीरातही असेच होते आणि मूत्रपिंडातला बारीक खडा त्या धुरकटपणात हरवतो.

मग ठोकळ्याखाली, डिटेक्टरच्या वर, शिशाच्या पट्ट्यांची जाळी, म्हणजे ग्रिड, सरकवतो. चकती उजळते. दर वेळी तितकाच आनंद होतो.

ग्रिड ही बर्लिनच्या गुस्ताव्ह बकी यांची 1913 सालची कल्पना. त्यांच्या जाळीची सावली चित्रातही पडे. शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी एक्स्पोजर चालू असताना ग्रिड हलती ठेवून ती सावली पुसून टाकली. तंत्रज्ञांच्या तोंडी 'बकी' हा शब्द अजून आहे.

मी आखतो त्या ग्रिडमध्ये शिशाची पट्टी 0.05 मिमी जाड, मधली फट 0.2 मिमी, सेंटिमीटरला 40 पट्ट्या. मधली पट्टी उभी, पुढे कल वाढत जातो. ट्यूब एक मीटरवर असेल तर मध्यापासून 15 सेंटिमीटरवरची पट्टी साडेआठ अंश झुकलेली असते. सरळ आलेला किरण फटीतून निघतो, तिरका शिशात अडकतो. पट्टीची उंची फटीच्या जितकी पट, तितका ग्रिडचा रेशो.

वॉर्डातल्या पोर्टेबल एक्स-रेसाठी मी पहिली ग्रिड केली ती 12 रेशोची. प्रयोगशाळेत चकती लख्ख दिसली. वॉर्डात मात्र पेशंट उठू शकत नव्हते, गादी दबलेली, ट्यूब पट्ट्यांच्या आडव्या दिशेने 3 सेंटिमीटर सरकलेली. तेवढ्यानेच 36 टक्के उपयोगी किरण अडले. चित्र दाणेदार आले, एक्स-रे पुन्हा काढावा लागला. माझ्या आखणीची किंमत त्या माणसाच्या शरीराने दुसऱ्या डोसच्या रूपात मोजली.

नंतर पट्टीची उंची 2.4 मिमीवरून 1.2 मिमीवर आणली, रेशो 6. तेवढ्याच चुकीत आता 18 टक्के किरण अडतात. चकती किंचित राखाडी राहते, पण चित्र वाचता येते.

हल्ली ठोकळ्याचा दुसरा एक्स-रेही काढतो, ट्यूब मुद्दाम 3 सेंटिमीटर सरकवून. वॉर्डाच्या ग्रिडचा निर्णय मी त्याच चित्रावर घेतो.