खाटेशेजारचे प्रशिक्षण

रुग्ण ज्या आजारासाठी दाखल झाला त्याखेरीज रुग्णालयातच जडलेल्या संसर्गाला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. शस्त्रक्रियेच्या जखमेत होणारा पू, लघवीच्या नळीवाटे मूत्रमार्गात शिरलेले जंतू, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा न्यूमोनिया आणि मोठ्या शिरेतल्या नळीतून रक्तात पसरलेला संसर्ग हे त्याचे मुख्य प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत दर शंभर रुग्णांपैकी ७ जणांना, तर अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. यातले बरेच संसर्ग टाळता येतात. ते टाळण्याचे उपाय बहुतेक डॉक्टर-परिचारिकांना तोंडपाठ असतात, तरी हातून घडत नाहीत. प्रशिक्षणाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

हा प्रश्न जुना आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूती विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात सुमारे १० टक्के बाळंतिणी दगावत, सुईणींच्या विभागात हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास असे. १८४७ मध्ये याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून वारले. त्यांच्या शरीरात बाळंतज्वरासारख्याच खुणा दिसल्या आणि इग्नाझ सेमेलवाइस यांना उलगडा झाला : शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे विद्यार्थीच हातांवरून विष आणत होते. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये २ टक्क्यांच्या जवळ आला. पुरावा इतका स्पष्ट असूनही बऱ्याच सहकाऱ्यांना ते पटले नाही. आपले विवेचन सविस्तर ग्रंथरूपात मांडायला सेमेलवाइस यांनी १८६१ साल उजाडू दिले. हुकूम निघाला, पण त्यामागचे कारण लोकांच्या गळी उतरवायचे काम मागे राहिले. ते बाळंतिणींना फार महागात पडले.

या प्रश्नावर दीडशे वर्षांनी जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेने काम केले. अतिदक्षता विभागात एका तासात हात स्वच्छ करण्याचे वीसेक प्रसंग सहज येतात. बेसिनपर्यंत जाऊन साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, म्हणजे तासातली तेरा ते वीस मिनिटे त्यातच जायची. परिचारिकेच्या निष्काळजीपणावर बोट ठेवण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. जिनिव्हाच्या चमूने अल्कोहोलयुक्त द्रावण खाटेशेजारी आणून ठेवले. ते हातांवर चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात. जोडीला भित्तिपत्रके लावली, वॉर्डात उभे राहून वेळोवेळी निरीक्षण केले आणि त्याचे आकडे कर्मचाऱ्यांना दाखवले. १९९४ ते १९९७ या काळात हातस्वच्छतेचे पालन ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. परिचारिका आणि त्यांचे मदतनीस सुधारले. डॉक्टर मात्र फारसे बदलले नाहीत. हा निष्कर्ष प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने गांभीर्याने घ्यावा असा आहे, कारण विद्यार्थी राउंडवर वरिष्ठांचे हात पाहूनच शिकतो.

याच अनुभवातून २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हातस्वच्छतेचे पाच क्षण जगभर नेले : रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, शरीरद्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटचा क्षण हमखास निसटतो. रुग्णाला हातच लावला नाही, नुसता पलंगाचा कठडा धरला, मग हात कशाला धुवायचे, असे वाटते. शिवाय क्षण पाळला तरी हात सगळीकडे चोळले जातात असे नाही. हे पटवायला चांगला प्रशिक्षक अतिनील प्रकाशात चमकणारे द्रावण हातांना चोळायला लावतो. मग हात दिव्याखाली धरले की तळवे उजळून निघतात. अंगठा, बोटांची टोके आणि बोटांच्या बेचक्या काळ्याच राहतात. आपलाच न चोळलेला अंगठा पाहिलेला माणूस तो धडा व्याख्यानापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतो.

संरक्षक पोशाखाचेही तसेच. घालणे सोपे, उतरवताना धोका. सर्वांत मळलेले हातमोजे, म्हणून सहसा आधी ते काढायचे, तेही आतली बाजू बाहेर करत. मास्क सर्वांत शेवटी, पुढच्या भागाला हात न लावता मागच्या बंदांना धरून. ही क्रिया जोडीदाराच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा करूनच अंगवळणी पडते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या चमूने मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच गोष्टींची यादी दिली : हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणारी निर्जंतुक चादर आणि पूर्ण पोशाख, क्लोरहेक्झिडिनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. त्यातली एकही गोष्ट नवी नव्हती. नवा होता तो अधिकार : पायरी चुकली आणि तातडी नसली, तर प्रक्रिया थांबवली जाई, मग समोर कितीही वरिष्ठ डॉक्टर असोत. तीन महिन्यांत अशा संसर्गाचा मध्यक हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला.

भारतात संसर्ग नियंत्रणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जानेवारी २०२० मध्ये निघाल्या. त्याआधी २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांची स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रण गुणांकनाने तपासले जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कामावर रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, तसेच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस बंधनकारक केली. हे नियम सफाई कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. महाराष्ट्रातल्या वॉर्डांत ज्यांना सगळे मामा आणि मावशी म्हणतात, त्यांच्याशिवाय संसर्ग रोखण्याची कोणतीही साखळी पूर्ण होत नाही. कचरा रंगांनुसार वेगळा करायचा असतो : पिवळी पिशवी शरीरावशेष आणि रक्ताळलेल्या बोळ्यांसाठी, लाल पिशवी नळ्या आणि सलाइनच्या बाटल्यांसाठी, पांढरा, भोक न पडणारा डबा सुयांसाठी, निळा डबा काचेसाठी. डॉक्टरने सुई पिवळ्या पिशवीत टाकली की ती मावशींच्या बोटात घुसते.

बाधित रुग्णाला वापरलेली अशी सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर हिपॅटायटिस बीचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के असतो. जखम दाबून रक्त काढायचे नाही, साबण आणि पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचे. एचआयव्हीवरच्या प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत घ्यावा लागतो. हे औषध २८ दिवस चालते. त्यामुळे रात्रपाळीत कोणाला फोन करायचा, औषध कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे असते, हे मामा-मावशींना कामाच्या पहिल्याच दिवशी, वॉर्डात नेऊन दाखवावे लागते.