बॅटरीला ताप आला तर?

धुळ्याचं देवपूर. मे महिना. भर दुपार. पांझरेच्या काठाला चिटपाखरू नाही. एकवीरादेवीच्या देवळाकडचा रस्तासुद्धा सुनसान! घरात आजी पदराने वारा घेत म्हणते, “कितलं ऊन शे माय!”

आणि अशा वेळी तू मोबाइल खिडकीत, अगदी उन्हाच्या तिरिपेत चार्जिंगला लावतोस किंवा लावतेस. थोड्या वेळाने बघावं तर काय? चार्जिंग बंद! लाइट आहे, चार्जर धड आहे. मग बंद केलं कुणी? ओळख बघू!

बॅटरीच्या राखणदाराने!

हो, खरंच. मोबाइलमध्ये हे राखणीचं काम इवल्याशा चिप करतात. विजेच्या स्कूटरमध्ये त्यासाठी एक अख्खी पट्टीच असते. तिला म्हणतात बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात बीएमएस. आपण तिला राखणदारच म्हणू या.

पण बॅटरीला राखण कशाला हवी? ती काय शेतातली केळी आहे?

थांब, आधी बॅटरीच्या पोटात डोकावू. स्कूटरच्या बॅटरीत खूप छोटे छोटे सेल असतात. त्यांतले बरेच गोल, नळकांड्यासारखे. एका प्रकाराचं नाव तर चक्क १८६५०! हा काय फोन नंबर? छे! जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून १८६५०. मापच झालं नाव!

आत काय असतं ठाऊक आहे? अळूवडीचा उंडा! पानावर पीठ लावून आई कशी घट्ट गुंडाळी करते, तशीच इथे पातळ पत्र्यांची गुंडाळी. एक पत्रा अधिक बाजूचा, एक उणे बाजूचा. दोघांच्या मध्ये एक पडदा, तुझ्या केसापेक्षाही पातळ! तो फाटला किंवा वितळला तर दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि सेल तापतो. तो तापला की शेजारचा तापतो. मग त्याच्या शेजारचा. लवंगी फटाक्यांची माळ आठवते ना? एक पेटला की तडतड तडतड, मधेच थांबवता येत नाही! म्हणून पहिला फटाका पेटण्याआधीच सावध व्हायचं असतं.

राखणदाराला ताप कळतो कसा? त्याच्याकडे तांदळाच्या दाण्याएवढे तापमापक असतात. नाव थर्मिस्टर. तो गरम झाला की त्यातून वीज जास्त सहज वाहते. त्यावरून राखणदार ओळखतो, अरे, ताप चढला! आई कपाळाला हात लावून ओळखते ना, अगदी तसंच.

आता खरी चकित करणारी गोष्ट ऐक. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत, असं ते बनवणारेच सांगतात. आणि आपल्या धुळे-जळगावचा मे महिन्यातला पारा? कधी ४४, कधी ४५! तोही सावलीत मोजलेला! म्हणजे खानदेशात बॅटरी नुसती बसून असली, तरी राखणदाराला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं.

त्याचं दुसरं काम तर मला फारच आवडतं. समज, पंगतीत १३ पेले मांडलेत आणि सगळ्यांत एकदम, सारखीच ताकाची धार पडतेय. त्यात एक पेला जरासा लहान. काय होईल? तोच आधी काठोकाठ भरणार! बाकीचे भरायची वाट पाहिली, तर तो ओसंडणार.

सेलचंही तसंच. साधारण ३.७ व्होल्टचे १३ सेल एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्टची बॅटरी होते. कर बरं गुणाकार! चार्ज होताना बहुतेक प्रकारचे सेल ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नयेत. मग राखणदार काय करतो? काठोकाठ आलेल्या पेल्यातलं थोडं ताक काढून घेतो, म्हणजे बाकीच्यांना भरायला वेळ मिळतो. याला म्हणतात सेल बॅलन्सिंग. आणि वीज वापरताना तेरा जणांत एक जरी दमला तरी राखणदार सगळ्यांनाच थांबवतो. कुणालाही मागे सोडून पुढे जात नाही!

२०२२च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली होती. त्या उन्हाळ्यात देशात इतर ठिकाणीही असं घडलं. मग सरकारने नियम कडक केले. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. बॅटरी आत धोकादायक तापू लागली, तर आवाज करून, दिवा लावून माणसांना आधीच सावध करायचं, हेही त्यात आलं. अशा वाहनांच्या तपासण्या होतात पुण्याच्या एआरएआय संस्थेत. आपल्याच महाराष्ट्रात!

राखणदार आणखी एक हिशोब ठेवतो. बॅटरीत वीज किती आली, किती गेली, आणि बॅटरी म्हातारी किती झाली! जुन्या मोबाइलवर १०० टक्के दिसतं ना, ते आता लहान झालेल्या पेल्याचे १०० टक्के असतात. काही मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ सापडते. आज शोधून बघ.

एक गोष्ट मात्र राखणदाराच्या हातात नाही. बॅटरी पुरीसारखी फुगली, तर तो तिला बरं करू शकत नाही. आत वायू साठलेला असतो. तिला दाबू नकोस, टोचू नकोस, चार्जिंगला तर मुळीच लावू नकोस. लगेच घरातल्या मोठ्यांना दाखव. आणि आज रात्री मोबाइल उशीखाली चार्जिंगला असेल, तर आत्ताच उठून टेबलावर ठेव.