टीव्ही गेमचा टीव्ही सुटला

नव्वदच्या दशकात बोरिवलीत आम्ही त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो. नाव अचूक होतं. निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेलं ते खोकं टीव्हीशिवाय मुकंच. कॅसेटला फुंकर मारायची, अँटेनाच्या जागी वायर खोचायची आणि रिकामं चॅनेल शोधत राहायचं. पडद्यावरच्या मुंग्यांतून चित्र उमटलं की अर्धा डाव जिंकला! पण बातम्यांची वेळ झाली की वायर निघायची. एक खोली, पाच माणसं, एक टीव्ही. आम्हाला खेळायला वेळ होता, पडदा नव्हता. कन्सोल मॉनिटरला जोडायचा उपनगरी पोरांचा ध्यास मला वाटतं इथूनच सुरू झाला.

त्याआधी उलटं होतं. १९८६मध्ये डेसिबेल्स कंपनीने भारतात स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक आणला, तेव्हा संगणकच टीव्हीच्या आसऱ्याला यायचा.

दोन हजार सालानंतर हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर घरात आला आणि पंधरा इंची मॉनिटर माझ्या नजरेत भरला. प्लेस्टेशन २ची पिवळी पिन मात्र त्याला कुठेच लागेना. प्रश्न नुसत्या पिनेचा नव्हताच. आपला पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेषा काढतो, त्याही आधी एकाआड एक, मग उरलेल्या. व्हीजीए मॉनिटरला किमान साडेएकतीस हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे मध्ये कोणीतरी रेषा गोळा करून दुप्पट वेगाने पुढे द्यायला हव्यात. साध्या वायरला ते कसं जमणार?

ते काम टीव्ही ट्यूनरच्या डबीने केलं. स्लो लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. घरी सांगितलं, यावर केबल दिसते. खरंच दिसायची, तीही सीपीयू बंद ठेवून. डबीच्या मागे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची भोकं होती, मला हवी होती ती. अक्षरं पसरट दिसायची, गाडी वळली की कडा दातेरी व्हायच्या. पण डबीला इअरफोन लावून मी खेळत असे आणि पाठीमागे बाबा निवांत बातम्या ऐकत. त्या डबीइतकं समाधान पुढच्या कुठल्याच महागड्या यंत्राने दिलं नाही.

सप्टेंबर २००६मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला. त्याची व्हीजीए केबल वेगळी मिळायची; ती लावली की डबी नको, ट्यूनर नको, चित्र लख्ख. मॉनिटरचा विचार करणारं हे यंत्र पाहून मी हरखलो होतो. एप्रिल २००७मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ला व्हीजीए नव्हतं, एचडीएमआय होतं. एका दुकानदाराने मला डीव्हीआयची पिन खात्रीने दिली. घरी पडदा काळा. प्लेस्टेशन ३च्या एचडीएमआयमधून जाणारं चित्र कुलूपबंद असतं, त्याची किल्ली म्हणजे एचडीसीपी, आणि माझ्या जुन्या मॉनिटरकडे ती नव्हती. दुसरा मॉनिटर घेतला, तर त्याला स्पीकर नाहीत. मग चित्र एचडीएमआयने आणि आवाज जुन्या लाल-पांढऱ्या पिनांनी कॉम्प्युटरच्या स्पीकरला, अशी जोडणी बसवली. सेटिंगमध्ये आवाजाची वाट वेगळी निवडावी लागते, हे कळायला दोन रात्री गेल्या.

प्लेस्टेशन ४पासून हेडफोन थेट कंट्रोलरला लागू लागला आणि तो पेच सुटला. तोवर टीव्ही मोठे झाले होते, पण चित्र सजवण्यात ते क्षणभर वेळ खातात. बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते. मॉनिटर तसा रेंगाळत नाही. घरात दुसरा टीव्ही आल्यावरही पोरं मॉनिटरलाच चिकटून राहिली ती म्हणून.

१४४०पी हे चित्राचं माप टीव्हीत जवळपास नसतंच, ते मॉनिटरचं. एक्सबॉक्सने ते २०१८मध्ये स्वीकारलं. प्लेस्टेशन ५ भारतात आला फेब्रुवारी २०२१मध्ये, आणि त्यात हे माप सप्टेंबर २०२२मध्ये आलं. त्या संध्याकाळी भाच्याच्या मुलुंडच्या घरी आम्ही सेटिंग उघडून ती ओळ शोधली. हॉलमध्ये मालिका चालू होती. कोणीही आम्हाला उठवलं नाही.