नवे यंत्रयुग व आपली सिद्धता

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकला नाही, असा सोलापूरकर विरळा. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील तेथेच टॉवेल व चादरी विणून कुटुंबाचे पोषण करतात. संगणक व कृत्रिम बुद्धी यांनी चालणारे कारखाने आता येत आहेत, हे ऐकून त्यांच्या मनात धास्ती उत्पन्न व्हावी, हे स्वाभाविक होय. ह्या रीतीस 2011 साली जर्मनीत ‘उद्योग 4.0’ असे नाव मिळाले. तिजसाठी आपण सिद्ध आहो काय, ह्याचा थोडा विचार करू.

प्रथम हे ध्यानात ठेवावे की, ही विद्या मागास परकी नव्हे. फ्रान्स देशातील जाकार ह्याने 1804 साली छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. छिद्र असेल तेथे सुई आत शिरून उभा धागा उचलला जातो. नसेल तेथे तो खालीच राहतो. ‘आहे’ व ‘नाही’ ह्या दोनच खुणांनी सोलापुरी चादरीवर नक्षी उमटते. पुठ्ठ्यांची हीच युक्ती पुढे इंग्लंडातील बॅबेज ह्याने आपल्या गणनयंत्राच्या योजनेत घेतली. आणि आजचा संगणकही दोनच खुणांवर चालतो. तेव्हा जेकार्ड माग हा संगणकाचा वडीलधारा आप्तच म्हणावा.

परंतु नाते असणे निराळे व सिद्धता असणे निराळे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेने 2025 च्या अहवालात 170 देशांची अशी सिद्धता मोजली. तीत भारताचा क्रम 36 वा आहे. संशोधनात आपण 3 रे, उद्योगात 10 वे. मात्र माहिती-संपर्काच्या साधनांत 99 वे व कौशल्यात 113 वे! कळस उंच, परंतु पाया कच्चा, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय? हा कच्चेपणा आपल्या शेजारीच दिसेल. कामगाराची मातृभाषा बहुधा तेलुगू, आणि नव्या यंत्राच्या सूचना इंग्रजीत. शिवाय मजुरी विणलेल्या मालावर असल्यास शिकण्यात गेलेला दिवस उपाशी जातो.

पायाचा आणखी एक दगड म्हणजे जीविताची सुरक्षितता. मे 2025 मध्ये ह्याच वसाहतीतील एका कापड कारखान्यास आग लागून आठ जणांचा अंत झाला. धाग्यातील दोष हेरणारे यंत्र अवश्य यावे. परंतु धूर हेरणारी घंटा व बाहेर पडण्याची मोकळी वाट त्याच्या आधी असावी.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लूककृत शुभवर्तमानात शिकविले आहे. हा खर्च केवळ यंत्राच्या किमतीचा नव्हे, तर माणूस तयार करण्याचा आहे. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलामुलींस दहावीपूर्वी कामास लावू नये. आणि विद्यार्थी मित्रहो, गणित, इंग्रजी व चित्रकला मन लावून शिका. सुटीत घरच्या वडील माणसांस विचारा की, पुठ्ठ्यावर नक्षी कशी चढवितात. त्यांच्या हातांतील ज्ञान व तुमच्या पुस्तकांतील ज्ञान एकत्र आले, म्हणजे येणारे यंत्र आपला धनी न होता चाकर होईल.