चिन्वत सेतू आणि क्रूस

मुंबईत १८३९ साली जरथुश्त्री (पारशी) व ख्रिस्ती या दोन धर्मांचा वाद न्यायासनापुढे आला: स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, आप्तेष्टांनी सुप्रीम कोर्टात फिर्याद नेली, आणि बहुतेक पारशी विद्यार्थ्यांनी शाळेस रामराम ठोकला. पुढे १८४३ मध्ये विल्सनांनी पारशी धर्मावर ग्रंथच लिहिला; त्याचा एक रोख सत् व असत् अशा दोन आद्य शक्ती मानणाऱ्या द्वैतावर होता.

तो रोख अगदीच अनाठायी नव्हे. जरथुश्त्री धर्माच्या प्राचीन गाथांत अहुर मज्द हाच परमपूज्य ईश्वर असला, तरी उत्तरकालीन पहलवी ग्रंथांत अहरिमान हा ईश्वराने न निर्मिलेला वैरी ठरतो. ख्रिस्ती सैतान मात्र ईश्वरनिर्मित, परंतु स्वेच्छेने पतित झालेला दूत. जरथुश्त्री मतास मूळ पाप ठाऊक नाही, म्हणून तेथे क्रूसावरील प्रायश्चित्ताचे प्रयोजनच उरत नाही: सुविचार, सुवचन व सुकृत्य यांचाच हिशेब. मृत्यूनंतरच्या चौथ्या पहाटे आत्मा चिन्वत सेतूवर येतो. पुण्यवंतास तो रुंद, दुराचाऱ्यास धारेइतका अरुंद.

तारणारा, मृतांचे पुनरुत्थान व अंतिम निवाडा हे उभयतांस मान्य. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद विद्वान अद्याप घालीत आहेत. विल्सनांच्या टीकेत ज्याला पुरेसे स्थान मिळाले नाही असे मला वाटते, ते पहलवी परंपरेचे औदार्य निराळेच: अखेरीस वितळलेल्या धातूच्या प्रवाहातून सर्वांस जावे लागते, सज्जनांस तो कोमट दुधासारखा भासतो, आणि दुर्जनही शुद्ध होऊन नरक रिता होतो, बहुतेक ख्रिस्ती पंथ मात्र नरकवास शाश्वत मानतात.