फायलीत नसलेला प्रसंग

माण तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वहिनीला बऱ्याच वर्षांपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. आवाज ऐकू येतात, रात्री किंचाळून उठते, ट्रॅक्टर आला की दार लावून घेते. ऊसतोडीला जाताना ट्रॉली उलटली होती, त्यात तिची बहीण गेली. "डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. आता सांगावं का?"

जरूर सांगा. पत्रावरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतील. पण हा अपघात केसपेपरवर यायलाच हवा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरलं. तिथल्या वाचलेल्या लोकांची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. तपासलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना मानसिक विकार होता. सर्वांत जास्त आढळला तो पीटीएसडी, म्हणजे भयंकर आघातानंतर मनात ठाण मांडून बसणारा विकार, २३ टक्के. भूकंप जगजाहीर होता, म्हणून डॉक्टर त्याच्या खुणा शोधतच गेले. एकट्या बाईवर कोसळलेलं संकट शोधत कोणी येत नाही.

अमेरिकेत किम म्यूझर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेले आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे गंभीर आजार असलेले २७५ रुग्ण. त्यांना सरळ विचारलं, तर ९८ टक्क्यांनी किमान एक भयंकर प्रसंग सोसलेला निघाला. पीटीएसडीच्या निकषांत ११९ जण बसले. फायलीत हे निदान किती जणांच्या होतं? तिघांच्या!

निदान सुटतं ते असं: डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहणारा अपघात भास समजला जातो. मनाचा बधिरपणा स्किझोफ्रेनियाच्या खाती जमा होतो. त्या आठवणीपासून दूर पळणं हेच मुळात पीटीएसडीचं लक्षण, मग रुग्ण आपणहून बोलणार कसा? आणि एकदा एका आजाराचं नाव लागलं की पुढच्या प्रत्येक तक्रारीचं खापर त्याच्यावरच फुटतं.

जुनं उकरून काढलं तर सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, बळावेल, अशी धास्ती डॉक्टरांनाही असते. नेदरलँड्समध्ये सायकोसिस आणि पीटीएसडी दोन्ही असलेल्या १५५ रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. आघातावर थेट काम करणारे उपचार आठ बैठकांत दिले. घेणाऱ्यांपैकी ५७ ते ६० टक्के जण पीटीएसडीच्या निदानातून बाहेर पडले. या उपचारांच्या प्रतीक्षायादीत थांबलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. धास्ती खरी ठरली नाही.

विचारायला यंत्र लागत नाही. असं काही भयंकर घडलं होतं का, एवढं आधी विचारायचं. मग हो-नाही उत्तरांचे पाच प्रश्न: नको असताना ते आठवतं का, वाईट स्वप्नं पडतात का? ते टाळायला धडपडता का? सतत दचकता का? माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं का? स्वतःला दोष देता का? दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या गर्दीतही हे दोन-तीन मिनिटांत होईल. फक्त विचारताना सोबतच्या नातेवाइकाला बाहेर बसवावं. अपघाताचं कोणाहीसमोर बोलता येतं. घरातल्या मारहाणीचं, मारणाराच शेजारी बसलेला असेल तर, बोलता येत नाही.